टोकन दिल्यानंतर

एक्कावन्न हजार देऊन आलो
आणि हिशोब त्यानंतर सुरू झाला.
लोक आधी करतात म्हणे.

श्रीरंगने वीजबिलाच्या पाठीवर उभी रेघ मारली.
तिकडे भायली : लिफ्ट, चोवीस तास पाणी,
गाडीला स्वतःचं छप्पर.
इकडे दांडिया बाजार :
त्याने नुसतं एक टिंब दिलं
आणि पेन माझ्याकडे सरकवलं.

मी काय लिहू?
की कोथिंबीर संपली तर मी गॅलरीतून टोपली सोडते
आणि खालून शारदाबेन तिच्या मोडक्या मराठीत ओरडते,
"वहिनी, मिरच्या पण घातल्या हां, पैसा उद्या"?
दर चौरस फुटाला याचे किती होतात?

लिहिलं नाही. रेघेच्या या बाजूला
मी एक बारीक टोपली काढली.

इथून माझी शाळा सात मिनिटं, तीही वाटेत
कुणी हाक मारली नाही तर.
तिथून साडेआठ किलोमीटर, वासणा रोडची गर्दी,
मग अकोट्याचा पूल.
पुलाखाली विश्वामित्री, काठावर ऊन खात मगरी.
त्यांचं एक बरं आहे, घर बदलायचं नसतं.
पण तेही खरं नाही.
पूर आला की त्याही निघतात,
कुणाच्या तरी पार्किंगमध्ये सापडतात.
मी जिग्नेशभाईंना विचारलंच, इथे पाणी भरतं का?
ते हसले : "बेन, पाण्याला आपला पत्ताच माहीत नाही."
असं बोलणाऱ्या माणसाला
आम्ही टोकन दिलंय.

नाना बेचाळीस पायऱ्या चढतात.
ते मोजत नाहीत. मी मोजते,
आतल्या खोलीत बसून, त्यांच्या श्वासावरून.
एकतिसाव्या पायरीला ते थांबतात
आणि कुणीतरी भेटल्यासारखं मोठ्याने खोकतात.
भायलीला ज्येष्ठांसाठी कोपरा आहे, चार बाकं, वर वेल.
नानांनी हात फिरवून पाहिला.
"बाकं चांगली आहेत," म्हणाले. "बसणारे?"
सूरसागरच्या कठड्यावर त्यांचे चौघं असत.
आता ते धरून दोन.
म्हणजे हाही मुद्दा कुठल्या बाजूला लिहायचा
ते मला कळत नाही.

निनाद जिन्यात फिजिक्स करतो.
वरच्या परांजप्यांचे पाहुणे
त्याच्या वहीवरून पाय उचलून जातात,
"सॉरी हं बाळा" म्हणतात,
आणि बाळ, चौदा वर्षांचं, ओठांवर लव आलेलं,
मान वर न करता गुडघे आत घेतं.
गुडघे आत घ्यायची त्याला सवय झालीय.
वेगळ्या खोलीबद्दल तो कधी काही बोलला नाही.
फ्लॅट बघायला गेलो तेव्हा मात्र
त्या छोट्या खोलीचं दार त्याने एकदा
आतून लावून पाहिलं.
बराच वेळ.

आणि मुक्ताने रिकाम्या हॉलमध्ये हाक मारली : आई!
घर म्हणालं, आई.
ती दचकली. आमच्या घरात कधी
आवाजाला परत यायला जागाच नव्हती.
मग ती नाचत सगळ्यांची नावं घेत सुटली,
शारदाबेनचंसुद्धा.

हप्ता संपेल तेव्हा मी त्रेसष्ट वर्षांची असेन.
हे श्रीरंगने लिहिलेलं नाही,
मीच बोटांवर काढलं, कणीक मळताना.

रात्री बिल भरायची तारीख बघायला कागद उलटला
तर रेघ पलीकडून उमटली होती,
ग्राहकाच्या नावाच्या मधोमध.

सामान बांधायला बारा खोकी आणलीत.
शाळेत सांगितलं. गॅसवाल्याला सांगितलं.
शारदाबेनला सांगायचंय.
सकाळी टोपली सोडली तेव्हा सांगणारच होते.
दोरी हातात तशीच धरून राहिले.
खालून ती म्हणाली, "वहिनी, ओढा ना."
ओढली.
आज तिने लिंबू पण घातलं होतं.