धुपाटणं

आमच्याकडे म्हण आहे, मी रय्याला सांगितलं,
तेल गेलं, तूप गेलं, हाती धुपाटणं आलं.
तिनं विचारलं, धुपाटणं म्हणजे?
मी भट्टीकडं बोट दाखवलं.

सोहारच्या बंदरामागं, पत्र्याच्या शेडमध्ये
आठवड्याला सहा पिंपं येतात कॅफेटेरियांतून:
समोशांचं, केळ्याच्या भज्यांचं,
पुन्हा पुन्हा तापून काकवीसारखं झालेलं तेल.
त्याचं डिझेल होतं, ते ट्रकांत बसून निघून जातं.
खाली राहतं ग्लिसरीन, तपकिरी, साबणाच्या वासाचं,
ज्याला गिऱ्हाईक नाही.
(तोंड आलं की आई बोटावर घेऊन
जिभेला लावायची, ते गोड होतं.
हे चाखावंसं वाटत नाही.)

निकेलचं मीठ हिरवं असतं, लग्नातल्या चुड्यासारखं.
पांढऱ्या गोळ्यांना ते पाजायचं, वाळवायचं,
भाजायचं, की काळं पडतं.
मग त्याला हायड्रोजन द्यायचा,
त्याच्याकडून हायड्रोजन मिळवण्याआधी.
दही लावायला दही लागतं, तसं.

क्वार्ट्झची नळी. करंगळीच्या पेराएवढा थर.
साडेसहाशे अंश.
वरून वाफ आणि ग्लिसरीन, थेंब थेंब,
खालून वायू: एका रेणूमागं सात, कागदावर.
कागदावर तीन कर्बवायूही आहेत.
पाहुण्यांना फलक दाखवताना
ती ओळ रय्या जरा भरभर वाचते.

नववीच्या पुस्तकात होतं:
उत्प्रेरक अभिक्रियेचा वेग वाढवतो,
स्वतः मात्र बदलत नाही.
हमखास यायचं, दोन गुणांना.
मला दोन्ही मिळाले होते.

अडतिसावी खेप एकेचाळीस तास छान चालली.
मग पडद्यावरचा सुळका बसू लागला,
दर तासाला थोडा,
कुणाला सांगावं असं काही नसताना.
नळी उघडली. आत काजळी.
जिथं जिथं काम झालं होतं, नेमकी तिथं तिथं.

फेकून दे, कुदली, रय्या म्हणाली, नवीन भर.
(कुदळे. अकरा वर्षं झाली.
ळ तिच्या जिभेवर बसत नाही.
मीही आता फोन उचलून कुदली म्हणतो.)

मी म्हटलं, एक रात्र दे.

वात काजळली म्हणून समई कुणी टाकत नाही.
पण ही काजळी बोटानं झाडता येत नाही, जाळावी लागते,
आणि हवा द्यायची ती चिमटीनं,
नायट्रोजनमध्ये कालवून.
घाई केली तर सगळी एकदम पेटते,
निकेलचे कण घाबरून एकमेकांना बिलगतात,
बिलगून मोठे होतात,
आणि मोठे झाले की कामाचे राहत नाहीत.

ऑगस्ट. रात्री दोनला छत्तीस अंश, भिंतींना घाम.
आकडा सहाशेच्या वर चढू लागला की मी हवा कमी करायचो,
उतरला की किंचित वाढवायचो.
बंदरात कुठलंसं जहाज भोंगा देत होतं,
त्यालाही कुणी आत घेत नव्हतं.
अजान झाली तेव्हा नळीत काळं उरलं नव्हतं,
म्हणजे निकेलचं स्वतःचं तेवढं उरलं होतं.
पुन्हा हायड्रोजन पाजला. पुन्हा थेंब सोडले.
सुळका उठला.

शंभरात एक्क्याण्णव.
उरलेले नऊ कुठं गेले
ते लिहायला वहीत रकाना नाही.

सकाळी शिहाबुद्दीन पिंपं घेऊन आला.
आमच्या तेलाचं तुम्ही करता तरी काय, त्यानं विचारलं.
बाहेर जाणाऱ्या वायूची ज्योत दाखवली, पण ती दिसेना,
उजेडात ती दिसतच नाही.
म्हणून गार स्टीलचा चमचा वर धरला.
चमच्यावर दव धरलं.
पाणी? तो म्हणाला.
तुझ्या भज्यांचं, मी म्हटलं, पंधरा दिवसांच्या.

त्यानं चमचा नाकाशी नेला.
वास नव्हता, कसलाच.
थोडा नाराज झाला असावा.
मग रिकामी पिंपं मोजली, सही घेतली,
सहा.