नखात रोग नाही

हिंदुराव पैलवानांबद्दल बुधगावात एवढंच म्हणायचे:
गड्याच्या नखात रोग नाही.
पुढचं सांगायची गरज नसायची.

आज ते माझ्यासमोर बसलेत, मिरजेत,
पायाच्या दवाखान्यात, टोकन नंबर एकोणीस,
आणि रोग नेमका नखात आहे.

उजवा अंगठा.
नख जाड, पिवळं,
जुन्या ढेपेच्या कडेसारखं भुरभुरीत,
कोपरा मांसात घुसलेला.
"मीच उकरला," म्हणतात, "बिलेडनं.
दुखंना, म्हणून आणि थोडा उकरला."

दुखंना, म्हणून.
हे वाक्य मी केसपेपरवर लिहीत नाही,
डॉक्टरीणबाईंना तोंडी सांगतो.

नायलॉनचा बारीक तंतू हातात घेऊन म्हणतो, डोळे मिटा,
टोचलं की हूं म्हणा.
टाच. चवडा. करंगळीच्या खाली.
ते डोळे मिटून वाट बघत राहतात.
दहाही जागा करून मी मोकळा,
आणि ते म्हणतात, "कर की सुरू."

याच तळव्यांना कळायचं
मागनं कोण आलंय आणि कुठला पाय पुढं टाकून.
ताक, तेल, हळद पिऊन
तालमीतली माती भिजल्या कणकेसारखी मऊ झालेली,
तीच त्यांना सांगायची.

रोज पहाटे दारात उभे असायचे.
हात पुढं, पालथे.
एकेका नखाच्या कडेवरनं त्यांचा अंगठा फिरायचा.
जरा कुठं बोचलं
की तो पोरगा वळायचा माझ्या बाबांकडं.
बाबा उंबऱ्याबाहेर, पोत्यावर, नराणी परजत.
चाळीस पोरं, आठशे नखं,
वर्षाला दोन पायल्या जोंधळा.
शनिवारी सुट्टी, तीही शनीची.

बाबा म्हणायचे, नख सरळ काप.
पायाच्या अंगठ्याला चंद्रकोर काढायची न्हाई,
कोपऱ्याला त्याच्या वाटंनं जाऊ दे.
हेच आता इथं भिंतीवर लावलंय, चित्रासकट,
खाली मलमाच्या कंपनीचं नाव.

मीही एकदा रांगेत उभा राहिलो होतो.
अंगठा माझ्यापाशी आला, थांबला,
पुढच्या पोराकडं गेला.
त्या सकाळची माझी दहा नखं
मला अजून पाठ आहेत.

कोमट पाण्यात दहा मिनिटं.
मग टिपून कोरडं, बेचक्यांत जास्त.
पाय माझ्या मांडीवर.
बाबाही असाच घ्यायचे;
मी स्टुलावर आहे आणि हातात मोजे आहेत, एवढंच.
एकदम कापत नाही, थर थर घासून उतरवतो.
स्टीलच्या ट्रेत कपचे पडतात, वाजतात.
"कागदात बांध," ते म्हणतात, "कुठंबी टाकू नगंस."
बांधतो.

"नातवाचे बूट घालायचे नाहीत.
घरातलं ब्लेड सूनबाईंच्या हवाली करा.
रोज रात्री तळवे बघा. वाकवत नसेल तर खाली आरसा ठेवा."
"आरसा? पायाचं तोंड बघायचं?"
"व्हय."
"आणि नवं नख कवा?"
"दीड वर्ष धरा. महिन्याला मोहरीएवढं सरकतं."
जरा वेळ बोलत नाहीत.
"लई सावकाश डाव हाय रं ह्यो."

मोजे काढून मी बेसिनला हात धुतो,
हत्यारं उकळायला लावतो.
वळतो तर ते खुर्चीतच, पट्टीचा पाय लांब करून.
"हात बघू."

मी पन्नाशीचा माणूस,
पालथे हात पुढं करतो.
त्यांचा अंगठा फिरतो एकेका कडेवरनं,
घाई नाही,
डाव्या अनामिकेशी थांबतो.

"हितं जरा ऱ्हायलंय."

बाहेर कुणीतरी वीस नंबर पुकारतं.