चौथा रकाना

आधीच्या सेक्रेटरीनं तीन किल्ल्या दिल्या:
पाण्याच्या नळाची, फाटकाची,
तिसरी कशाची ते त्यालाही ठाऊक नव्हतं.
सोबत ही वही. रकाने चारच,
तुकडा, नाव, वर्गणी, व्यवसाय.
काय लावता, हे लिहायला
छापणाऱ्यानं जागाच सोडलेली नाही.

तुकडा नऊ. एवाल्ड पिका. खाणकामगार, निवृत्त.
एकोणतीस वर्षं बितोमच्या पोटात.
हा माणूस बोटाच्या पेरापेक्षा खोल काही पेरत नाही.
बटाटा नाही, बीट नाही, गाजराचं तर नावच काढू नका.
घेवडा, हॉप्सचे वेल, जे जे वर जाईल ते.
काठ्या एवढ्या उंच की कावळेही मान वाकडी करून बघतात.
"खालचं मी पाहून आलोय," म्हणतो,
आणि पुढचं सांगत नाही.

तुकडा दहा. झिता. ट्राम चालवते.
दिवसभर रुळांवर, म्हणून इथं एक ओळ सरळ नाही.
कांद्यात मुळे, गुलाबात शेपू,
पायवाट अशी, की भोपळ्याकडे निघालेला
खताच्या ढिगापाशी उतरतो.

तुकडा बारा. इरेनेउश.
व्यवसाय : "सेवा".
तो शवपेट्या विकतो, आतलं अस्तर स्वतः शिवतो,
हे सगळ्यांना माहीत आहे. त्याचे टोमॅटोही
सगळे मागून नेतात, लाल, काळे, पट्ट्यापट्ट्यांचे.
थंडी सरेपर्यंत आम्ही रोपं घरात ठेवतो.
त्याला तेवढा दम नाही. आठवडाभर आधीच लावून मोकळा होतो.

चौदा रिकामा आहे.
ल्युत्सिना, नर्स, रात्रपाळी.
नावावर काट मारायला हवी. मी पेन्सिलीनं
एक टिंब केलंय फक्त.
तिचे पिओनी कुणाला न विचारता वर आलेत.

आणि सतरा मी. घड्याळजी.
माझं सगळं उशिरा उगवतं. हसा.

मे महिन्याच्या मध्यावर आमच्याकडे
तीन थंड संत पाठोपाठ येतात,
चौथी झोश्का, सगळ्यांत गार.
यंदा ती रात्री नऊलाच उंबऱ्याशी येऊन बसली.
पारा शून्याच्या खाली. मी फोन फिरवले.

झिता डेपोतून जुनी वर्तमानपत्रं घेऊन आली,
प्रवाशांनी सीटवर टाकलेली.
एवाल्डनं खाणीतला दिवा आणला, डोक्याला लावून.
ल्युत्सिनाच्या खोपटात चादरी असणार, हे सगळ्यांना एकदमच सुचलं.
तिसरी किल्ली लावून पाहिली.
लागली नाही.
एवाल्डनं पहारीनं कुलूप उचकटलं.
इस्पितळाचा शिक्का असलेल्या अकरा चादरी,
धुतलेल्या, घडी मोडलेली नाही.

तरीही पुरेना.
तेव्हा इरेनेउश काही न बोलता गेला
आणि पाऊण तासानं गाडी घेऊन आला.
आत पांढऱ्या साटिनचे तागे.
"पैसे?" मी विचारलं. वही माझ्या हातात होती, सवय.
तो म्हणाला, "आधी टोकं धर."

पहाटे चारला झिता पहिल्या ट्रामवर गेली,
नखांत माती तशीच.
उजाडलं तेव्हा बाग अशी दिसत होती
की वॉर्ड म्हणावं, का लग्नाचा मांडव, ते कळेना.
इरेनेउशनं एक कोपरा उचलला.
खाली रोप, हिरवंगार, ताठ.
"या कापडाखालून," तो हळूच म्हणाला,
"आजवर कुणी उठलं नव्हतं."
आणि कडक झालेलं साटिन
गुडघ्यावर घेऊन घड्या घालत बसला.

हॉप्सच्या शेंड्यांपर्यंत कुठलीच चादर पोचली नव्हती.
ते काळे पडले. एवाल्ड खाली उभा राहून
बराच वेळ वर बघत होता.
मग गुडघे टेकून त्यानं घेवडा पेरला,
नेहमीसारखाच, पेराएवढा खोल.

माझं काही गेलं नाही.
माझं अजून उगवलंच नव्हतं.

अकरा चादरी धुऊन वाळत घातल्यात.
पिओनीला कळ्या.
चौदा नंबरसाठी तिघांचे अर्ज आलेत,
वही उघडून बसलोय,
झिताची वर्गणी अजून बाकी आहे.