बरं

वर्षभर साठवलेली अठरा दिवसांची रजा
मी ग्युमरीत आणून ओतली,
काळ्या दगडाच्या या आर्मेनियन गावात,
जिथे डिसेंबरात दाराची कडी बोटाला चिकटते.
सोबत एक पेटी: तीनशे सेल, साठ श्रवणयंत्रं,
कानाचे साचे घ्यायचा गुलाबी लगदा,
आणि आईचा प्रश्न, जो विमानवाल्यांनी वजनात धरला नाही:
"आपल्याकडचे बहिरे काय संपले?"

वृद्धाश्रमातली अर्पिने नव्या वर्षाची
सासरी गेली, वानाद्झोरला.
जाताना चाव्यांचा जुडगा दिला, हातवारे केले;
त्यातलं एवढंच कळलं
की बॉयलरवर विश्वास ठेवू नये.
बाकीचं त्सोविनार सांगते.
स्वयंपाकिणीची नात, सतरा वर्षांची,
इंग्रजी मालिका बघून शिकलेली,
त्यामुळे इथल्या प्रत्येक म्हाताऱ्याचं म्हणणं
माझ्यापर्यंत थोडं प्रेमभंग होऊन पोचतं.
"श्मावोन आजोबा म्हणतात, त्यांच्या आत आता जागा नाही."
बॅटरी लावून पाहिलं.
वाटाण्याएवढा मळाचा खडा निघाला.

हायकानुश आजी शेवटची आली.
तिचा डावा कान भूकंपात गेला, उजवा मागाहून, कंटाळून.
त्या सकाळबद्दल ती बोलत नाही,
त्सोविनारही विचारत नाही.
अकरा एक्केचाळीस, एवढंच म्हणतात इथे,
साल सांगायची गरज कुणाला पडत नाही.

एकतीस तारखेला टेबल मांडलं.
द्राक्षाच्या पानांत गुंडाळलेला तोल्मा, फोडलेली डाळिंबं,
नाणं लपवून भाजलेली मोठी पोळी.
नाणं श्मावोनना मिळालं,
ते त्यांनी पुसून माझ्यापुढे सरकवलं: फी.
मी हायकानुशच्या कानात यंत्र बसवत होते,
आवाज एकेक पायरी चढवत,
तोच फोन वाजला.
तिकडे साडेदहा झालेले. आई.
जेवलीस का, पायात मोजे आहेत का,
शेजारच्या कुमुदमावशीची मुलगी आली बघ सुट्टीला.
बरं, मी म्हणाले. बरं. हो, बरं.

"बारी?" हायकानुशने मान वळवली.
त्सोविनार हसायला लागली:
तिला वाटतंय तू सारखं चांगलं, चांगलं म्हणतेयस.
आमच्यात बारी म्हणजे चांगलं.

आता या पोरीला काय सांगू
की आमच्या बरं-मध्ये चांगलं सगळ्यात कमी असतं.
बरं म्हणजे ऐकलं. बरं म्हणजे पुरे आता.
बरं म्हणजे बाबांचं मशीन
दीड वर्षं कपाटात कापसात पडलंय, शिट्टी मारतं म्हणून,
आणि साचा नवा घ्यायला हवा,
वीस मिनिटांचं काम,
हे मला जाण्याआधीही ठाऊक होतं.

"बाबांना दे," मी म्हटलं.
"हॅलो. हॅलो. काही ऐकू येत नाही गं. घे, तूच बोल."
दर वेळचंच.
पण हायकानुशने माझं मनगट ओढलं,
फोन तोंडाशी धरला,
आणि तीस वर्षं स्वतःचाच आवाज न ऐकलेलं माणूस
जसं बोलतं, डोंगरापलीकडच्या गुराला हाक मारावी तसं,
"बारेव!"
डाळिंबाचे दाणे बशीत हलले.

तिकडे शांतता.
मग बाबा: "कोण ओरडतंय?"
मागून आई: "अहो, तुम्हाला आलं ऐकू?"
"कोण आहे ती? भांडतेय का तुझ्याशी?"

नाही बाबा. ती नमस्कार म्हणतेय.
हे मी तीनदा सांगितलं. तिसऱ्यांदा पोचलं असावं,
कारण ते म्हणाले, "मग मीही," आणि फोन ठेवला.

हायकानुशने यंत्र काढलं,
सेल बाहेर घेतला, रुमालाच्या टोकाला बांधला
आणि तोल्मा पुढ्यात ओढत काहीतरी पुटपुटली.
त्सोविनारने या वेळी प्रेमभंग केला नाही:
"म्हणते, आजच्यापुरतं एवढंच."

बरं, मी म्हटलं.