रात्रींची मोजणी

बातुमी, नोव्हेंबर. समुद्राकडे तोंड करून
बावीस खोल्यांचं हॉटेल, आणि मालक ओतिया म्हणतो,
त्सिसाना, बँकेला रोजचा आकडा हवाय.
कुठल्या रात्री किती खोल्या भरल्या.
बुकिंगची यादी पाठवली तर हसले म्हणे.

यादीत माणूस एका ओळीत मावतो.
नाव, खोली, आला कधी, गेला कधी.
तीन तारखेला आला, सातला गेला.
बोटांवर मोजलं तर पाच दिवस,
पण उशी चारदाच दबते.
जायचा दिवस धरायचा नाही.
त्या दिवशी तो नुसता चहा पितो,
किल्ली ठेवतो, दारातून परत येऊन
विसरलेला चार्जर मागतो.
हॉटेलला दिवस नसतातच मुळी.

म्हणून मी ओळ उसवते.
जुडी सोडून काड्या मोजाव्यात तशी
एकेक रात्र सुटी करून
तिच्या तिच्या तारखेखाली ठेवते,
मग उभी बेरीज.
आज किंवा आधी आला,
उद्या किंवा नंतर गेला,
तो आज इथे झोपला.
एवढंच सूत्र. पण ते सुचेपर्यंत
काऊंटरवरची निम्मी मँडरिनं मी संपवली होती.

सातव्या खोलीचं छत गळतं.
तिला भागाकारात धरायचं का,
यावर ओतिया आणि मी पाव तास भांडलो.
धरली.

मग पिक्रिया आली, धुण्याची वही घेऊन.
बाराची रात्र: माझ्या खोल्या आठ,
तिच्या चादरी नऊ जोड्या.
पिक्रियाला तारखा कळत नाहीत, ओतिया म्हणाला.
पिक्रिया काही बोलली नाही,
नवाच्या आकड्यावर बोट ठेवून उभी राहिली,
इस्त्रीनं भाजलेलं बोट.

सापडली. खोली चौदा.
आगमन तेरा, प्रस्थान तेरा.
तेरातून तेरा गेले,
हातात शून्य.

आणि मला ती पहाट आठवली, पावणेचार.
गोदेर्जीच्या खिंडीत बर्फात अडकलेली मार्शृत्का,
तिच्यातून उतरलेली गुलीको नावाची बाई
आणि एकाच पायात बूट असलेला मुलगा.
घड्याळात बारा वाजून गेले होते,
म्हणून मीच लिहिलं होतं, तेरा.
आठ वाजता दोघं गेली.
पैसे पूर्ण रात्रीचे घेतले होते आपण,
तेव्हा कुणाला शून्य दिसलं नव्हतं.

तेराचे मी बारा केले.
आठाचे नऊ झाले, छत्तीसचे चाळीस टक्के,
वर पॉइंट नऊ. ओतिया खूश.

आता तक्त्यात ती दोघं
बाराच्या संध्याकाळीच येऊन पोचलीत.
चौदा नंबरात हीटर लावलाय,
मुलाचे दोन्ही बूट पलंगाखाली आहेत,
आणि वर खिंडीत, काळोखात,
वायपर बंद पडलेल्या त्या गाडीत
दोन सीट रिकाम्या.

पिक्रियानं वही मिटली.
जाता जाता म्हणाली,
गादीखाली मँडरिनची सालं निघाली होती,
ती कुठल्या रकान्यात लिहू?