समच्छेद

माझे आठ वाजलेत, समिधाचे साडेनऊ.
सोहारच्या खोलीत फोन पाण्याच्या बाटलीला टेकवलाय.
"बाबा, तीन छेद चारमधून दोन छेद तीन जात नाहीत.
बाई म्हणाल्या, छेद वेगळे आहेत."

खुबूस घेतला. कालचा, जरा चिवट.
चार तुकडे केले, एक चतकोर शाजीच्या ताटात.
"हा बघ, उरला पाऊण. आता यातून
तिसरे हिस्से कसे काढायचे?
चतकोर मोडल्याशिवाय नाही निघत."
"मग मोडा ना."

मोडले. एकेकाचे तीन.
अख्ख्याचे बारा झाले असते, हे नऊ.
दोन तृतीयांश म्हणजे बारातले आठ,
ते मुकादमने आणि मी डाळीत बुडवून खाल्ले
आणि ती तिकडून मोजत राहिली:
"सहा... हळू ना बाबा... सात..."

ताटात एक तुकडा.
माझ्या वेल्डिंगच्या बोटांपुढे फारच पांढरा.

"एक छेद बारा!"
वहीत लिहिलं. मग पेन्सिल चावत म्हणाली,
"तुम्ही दोन वर्षांतले दोन महिने घरी असता,
म्हणजे दोन छेद चोवीस.
त्याचं अतिसंक्षिप्त रूप..."

आणि थांबली.
तिकडे कुकरची एक शिट्टी झाली.
इकडे शाजी उठून एसीशी उगाच खटपट करू लागला.

"उत्तर तेच येतंय, बाबा. बरोबर आहे?"

बरोबर आहे, म्हटलं.
पुढचं गणित वाच.