त्सिमांडेंगा

टेपचं एक टोक माझ्या हातात देऊन
व्होआहिराना बाई झाडाला वळसा घालून गेल्या
आणि बराच वेळ दिसेनात.
पलीकडून नुसता आवाज: घट्ट धर रे!
मी घट्ट धरलं.
शेळ्यांनी एकदा माना वर केल्या, पुन्हा खाली घातल्या.

नऊ मीटर, वर माझी चार बोटं.

राजधानीहून तीन दिवस धूळ खात आल्या होत्या.
गाडीत एक लांब पोकळ गिरमिट,
झाडाच्या काळजातलं लाकूड काढायला;
सगळ्यात जुनी वर्षं तिथं असतात म्हणे.

आमच्याकडे झाडांना नावं असतात, वयं नसतात.
हा त्सिमांडेंगा. खोटं न बोलणारा.
नाव कुणी ठेवलं, कशावरून ठेवलं,
हे ज्याला ठाऊक होतं तो थडग्यात आहे,
थडग्यावर त्याच्या बैलांची शिंगं आहेत,
शिंगांना विचारून पाहिलं मी लहानपणी.

खोडात ठोकलेल्या खुंट्यांवर पाय देत वर चढलो,
फळी सरकवली, बादली सोडली.
खालून, खोल, अंधारातून
डुबुक.
बाईंनी गिरमिट हळूच जमिनीवर ठेवलं.
ह्याच्याही आत?

ह्याच्याही.
पणजोबा वाकस घेऊन आत उतरला होता
ज्या साली विहीर आधी खारी झाली, मग कोरडी.
बारा दिवस कोरत होता.
ओलं, मऊ, तंतू तंतू सुटणारं ते लाकूड
ओंजळी भरभरून बाहेर फेकत होता
आणि गुरं ते खात होती, दुसरं काही नव्हतंच.
म्हणजे बाई, तुमची ती जुनी वर्षं
आमच्या गुरांनी रवंथ करून संपवली.
पांढऱ्या कपाळाची एक गाय त्यावर तगली.
आईच्या लग्नात आलेली गाय तिच्याच पोटची,
पाचवी की सहावी पिढी.

बाई हसल्या नाहीत.
म्हणाल्या, कडेचं लाकूड मिळेल, पण ते अलीकडचं.
चारशे वर्षं, फार तर पाचशे.
त्याच्या आधी काय होतं, कोण सांगणार?
वहीत एक चौकोन कोरा ठेवला.

तालिली मावशीनं वाटी पुढे केली.
ती ह्या झाडाचं माप वेगळं सांगते:
पाच महिने, सात माणसं,
भांडी राखेनं घासली तर.
गेल्या वर्षी त्सिहांबाचा झा रात्री बसला.
पडला नाही, बसला,
म्हातारं माणूस खाटेच्या कडेवर बसावं तसा.
सकाळी त्याची बायको ओल्या मातीवर फडकं दाबून
बादलीत पिळत होती,
पुन्हा दाबत होती.

बाई वाटीभर प्याल्या.
पाणी चहासारखं तांबूस, थोडं तुरट.
जीभ टाळूला लावून त्या उभ्याच राहिल्या,
जणू कुणी काही सांगितलं आणि नीट ऐकू आलं नाही.
गिरमिट वापरलं नाही. वाऱ्यानं पाडलेली एक फांदी
गोणपाटात गुंडाळून नेली.

टेप विसरून गेल्या.

आता उन्हं कडक आहेत, बादली लांबवर जाते,
डुबुक उशिरा येतं.
काल बहिणीच्या हातात टोक दिलं,
वळसा घालून पलीकडे गेलो,
घट्ट धर गं!

नऊ मीटर, वर तीन बोटं.
झाड आटलं असेल.
नाहीतर माझा हात वाढला असेल.